दोन रखवालदार

“ताई, परत दोन पडले!” धाकटी आतून ओरडली आणि माझा चहा बशीत सांडला.

“कोण पडलं?” मी नर्स आहे, पडलं म्हटलं की मला आधी पेशंटच आठवतो.

“प्रोग्राम गं. तीन चालू राहायला हवेत. तीन उभे राहतात आणि लगेच दोन गायब!”

हिच्या कामातलं मला कळतं ते एवढंच. एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती चालवायच्या आणि त्यांच्यावर एक रखवालदार प्रोग्राम नेमायचा. एखादी पडली की त्याने उभी करायची, जास्त झाली की काढायची. हा रखवालदार हिने लिहायचा होता. त्याआधी तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहता येईल अशी सगळी मांडामांड करायची होती. आईच्या आजारपणात हिने नोकरी सोडली, ती सुटलीच. आई गेल्यावर कशीबशी ही मिळाली, तीही चाचणीवर. दुपारच्या मीटिंगमध्ये मांडणी चालू दिसली तर काम हिचं, नाहीतर दुसऱ्याला. आणि काम गेलं की हिला ठेवतंय कोण!

“बंद करून परत चालू कर ना,” मी म्हटलं.

“केलं. तेच होतंय. मला नाही जमायचं आता. गंजलेय मी.”

“गंजली म्हणे! मग विचार त्या तुझ्या साहेबीणबाईंना.”

“विचारलं तर म्हणतील, हिला एवढंही येत नाही.”

“म्हणू देत. त्यांच्या तोंडाला का कुलूप लावणारेस?”

तिने लॅपटॉप परत पुढे ओढला. मला तिची दया येत होती आणि रागही येत होता. मी खुर्ची ओढून शेजारीच बसले. स्क्रीनवर ओळी सरकत होत्या. एकाएकी तिने बोट ठेवलं.

“ही ओळ बघ. ‘एकच पुरे, बाकीचे काढतो.’ ही मी प्रोग्राममधून कालच खोडलीय. मग हे बोलतंय कोण?”

मला काय विचारतेस, असं मी म्हणणार तोच तिने कपाळावर हात मारून घेतला.

“अगं, काल एक रखवालदार त्या प्रतींसोबतच आत बसवून पाहिला होता. आज सुधारलेला बाहेरून चालवतेय, आणि जुन्याला काढलंच नाही! नवा तीन उभे करतो, जुना त्यातले दोन काढतो.”

“आत्ता गं बाई! दोघं मिळून तुझा जीव घेतायत की!”

तिने जुन्याला काढलं. तीन उभे राहिले. आम्ही दोघी डोळे फाडून बघत राहिलो. तीनच्या तीन तसेच होते.

दुपारी तिची मीटिंग मी ऐकली. चोरून नाही, चांगली समोर बसून. “चूक माझीच होती, जुना काढायचा राहिला होता,” तिने सरळ सांगून टाकलं. मी मनात म्हटलं, झालं, बुडवलंस! पण साहेबीणबाई खळखळून हसल्या. “अहो, आम्ही सगळ्यांनी केलंय हे! छान झालंय. उद्यापासून पुढचं तुम्हीच बघा.”

लॅपटॉप मिटल्यावर ती हसता हसता रडली. मीही रडले, उगाच कशाला खोटं बोलू. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

“जेवतेस ना?” मी विचारलं.

“नंतर. आधी झोपते जरा.”

ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली. आई होती तोवर हिने झोपताना दार कधी लोटलंदेखील नव्हतं, हाक ऐकू आली नाही तर म्हणून.


मी तिचा फोन उचलला आणि आवाज बंद करून ठेवला.