विनी घर सोडते, टेक पाचवा

आमच्या शॉर्टफिल्मचं बजेट म्हणजे माझ्या मित्राचा, हार्दिकचा मोबाइल, एक पांढरी चादर आणि मम्मीच्या हातचं जेवण. गोष्ट सतरा वर्षांच्या विनीची. बारावीत नापास होते, आईशी कडाक्याचं भांडते आणि बॅग उचलून घर सोडते. शेवटच्या शॉटमध्ये विनी उंबऱ्यात थांबते, आई पाठ फिरवून कांदा चिरत राहते, विनी निघून जाते. प्रेक्षकांनी रुमाल काढायचे.

गोष्ट माझीच. नऊ वर्षांपूर्वी पापडीतल्या ह्याच घरातून मी तणतणत निघाले ती थेट अर्ध्या तासावरच्या जूचंद्रला, मावशीकडे. जगाच्या टोकाला गेल्याच्या थाटात सहा महिने राहिले आणि नाताळच्या जेवणाच्या आठवणीने मुकाट परत आले. एक सल मात्र राहिला. आमच्या घरातून कुणी पाव आणायला निघालं तरी मम्मी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढते. त्या दिवशी तिने काढला नाही. मानसुद्धा वळवली नाही. हा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही; मी सरळ सिनेमाच काढला. वर आईच्या भूमिकेला मम्मीलाच बसवलं. त्यात थोडा खुनशीपणा होता, कबूल करते.

पहिल्या टेकला रिचेल, म्हणजे आमची विनी, बॅग घेऊन उंबऱ्याशी आली. मम्मीने सुरी ठेवली, उठली आणि तिच्या कपाळावर क्रूस काढला.

"कट! मम्मी, तू रागावलीयस!"

"रागावलेय ना. ॲनिशा, रागात क्रूस काढता येत नाय का?"

दुसऱ्या टेकलाही तेच. तिसऱ्याला क्रूस नाही, पण रिचेलच्या हातात दोन केळी. चौथ्याला पुन्हा क्रूस. ऊन उतरत चाललेलं, स्पर्धेला फिल्म पाठवायची मुदत आजचीच. माझं डोकं फिरलं.

"त्या दिवशी बरं जमलं तुला पाठ फिरवून बसायला!"



"जमलं," मम्मी म्हणाली. "दोन कांदे चिरले नि धावत फाटकावर आले. तुझी रिक्षा वळनावरून गेलेली. तुला कोन सांगनार? मावशीकडे फोन केला, तर तू फोनवर पन यायची नाय."

हे मला ठाऊकच नव्हतं. नऊ वर्षं मी एका पाठीवर रुसून बसले होते. मला माझीच लाज वाटली.

"पाचवा टेक," मी म्हणाले. "मम्मी, तुला वाटेल ते कर."

ह्या खेपेला ती खरंच पाठ फिरवून बसली. रिचेल निघाली, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली. सुरी थांबली. मम्मी उठली, एकाच पायात चप्पल अडकवून धावली आणि फाटक धरून जिवाच्या आकांताने ओरडली, "ॲनिशाऽऽ!"

रिचेल भांबावून जागच्या जागी उभी राहिली. मी मोबाइलमागून निघाले, सरळ शॉटमध्ये शिरले आणि मम्मीपुढे मान खाली घातली. तिने कपाळावर क्रूस काढला, सावकाश. मी हमसून हमसून रडले, सगळ्यांदेखत.

"डायरेक्टरच शॉटमध्ये आली," हार्दिक हळूच म्हणाला. "परत घेऊया?"

"नाय," मम्मी म्हणाली. "आता परत नाय. झालं."