एकेचाळीस वेळा मागे

मी घाबरट बाई नाही, हे आधीच सांगते. झुरळ दिसलं तर चपलेनं मारते, साहेब ओरडले तर त्यांच्याहून वरच्या पट्टीत उत्तर देते. अकरा वर्षं झाली, मी एका मोठ्या रुग्णालयात आहाराची यादी करते. कोणत्या खाटेवरच्या माणसाला काय जेवायला द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही, ते कॉम्प्युटरवर लिहायचं, त्याच्या चिठ्ठ्या छापायच्या आणि तळघरातल्या स्वयंपाकघरात पोचवायच्या. तिथं एकेका ताटावर एकेक चिठ्ठी चिकटते. चौऱ्याण्णव खाटा, चौऱ्याण्णव ताटं. बरोबर झालं तर कुणी ढुंकून बघत नाही.

त्या दिवशी सकाळी नऊला साहेब आले. नवीनच आहेत, आणि बोलताना समोरच्याकडे बघायच्या ऐवजी मनगटाकडे बघतात, म्हणून आम्ही त्यांना घड्याळ म्हणतो. म्हणाले, "ही यादी खाटेच्या नंबरानं का लावलीय? नावाप्रमाणे लावा. नाव शोधण्यात वेळ जातो."

"अहो, ताट खाटेवर जातं, नावावर नाही," मी म्हटलं.

"नावाप्रमाणे," असं म्हणून घड्याळ चालते झाले.

मी चिडले. आणि चिडले की माझे हात भराभर चालतात आणि डोकं बंद पडतं. यादीत तीन रकाने: खाट, नाव, आहार. मी पहिले दोन निवडले आणि नावाप्रमाणे क्रम लावायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, बाजूचा रकाना सोबत घ्यायचा का, असं काहीसं. कोण वाचत बसतंय? जे बटण आधी दिसलं ते दाबून मोकळी झाले. नावं सरसर वरखाली झाली. "घ्या," मी पुटपुटले, "झालं एकदाचं तुमच्या मनासारखं."

साडेनऊच्या सुमारास खिडकीशी एक बाई आली. केस विस्कटलेले, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही हे दिसतच होतं, आणि हातात लहान मुलाचा एकच बूट. तिची सहा वर्षांची मुलगी जिन्यावरून पडून हात मोडून घेऊन बसली होती. आदल्या संध्याकाळी दाखल केलेली, तिसरा मजला, खाट बासष्ट.

"ताई, माझ्या मुंगीला शेंगदाणा चालत नाही," ती म्हणाली. "एक दाणासुद्धा नाही. मागच्या वर्षी एका घासानं तिचा घसा सुजला, ओठ निळे पडले. वरती डॉक्टरांना सांगितलंय, पण जेवण तुमच्याकडून येतं ना?"

"माझ्याकडूनच येतं. मुंगी हे नाव कुणी ठेवलं?"

"बाबांनी तिच्या. साखरेचा डबा कुठंही लपवा, शोधून काढते," ती म्हणाली आणि तेवढ्यापुरती हसली.

वॉर्डातून त्याबद्दलचा कागद अजून आला नव्हता. ते कागद यायला वेळ लागतो. पण आई समोर उभी असताना कागदाची वाट कशाला बघायची? मी यादीत बासष्टची ओळ शोधली आणि आहाराच्या रकान्यात लाल अक्षरांत लिहिलं, शेंगदाणे पूर्ण बंद. स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवला. "हे बघ. लिहिलं. आता निर्धास्त राहा. मी बसलेय ना इथं?"

जाताना ती तीनदा "नक्की ना?" म्हणाली. तिसऱ्यांदा मी जरा वैतागलेच.

मग नेहमीचं सुरू झालं. वॉर्डांतून कागद येत गेले, कुणाचं मीठ बंद, कुणाचं पथ्य सुटलं, कुणी घरी गेलं. एकेक कागद बघायचा, यादीत भरायचा, टेबलावरच्या उभ्या तारेला खोचायचा. ही माझी पद्धत. तारेला लागला म्हणजे भरला. साडेअकराला चिठ्ठ्या छापल्या आणि स्वतःच खाली घेऊन गेले, तिथला चहा बरा असतो म्हणून.

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात भाजी रटरटत होती, शेंगदाण्याचं वाटण घातलेली. आचारीदादा चिठ्ठ्या चाळत होते.

"बाई, हे काय हो?" ते म्हणाले. "सोळा नंबर. जबड्याला तार बांधलीय त्याच्या. नऊ दिवस मी स्वतः त्याचं सूप गाळतोय. आज त्याला कडक टोस्ट आणि सफरचंद? दात काय आमच्याकडून उसने नेणार?"

मी हसले. चिठ्ठी हातात घेतली, खालची बघितली, तिच्या खालची बघितली. अठ्ठावीस नंबरच्या माणसाचं दुपारी ऑपरेशन. पोटात अन्न असताना गुंगी दिली तर ते उलटून फुप्फुसात जातं आणि माणूस जातो, म्हणून त्याला सकाळपासून पाणीसुद्धा बंद. त्याच्या चिठ्ठीवर होतं, साधं जेवण, भरपूर वाढणे.

खाटा आणि नावं हलली होती आणि आहार जागच्या जागी राहिला होता. एकाचं जेवण दुसऱ्याच्या नावावर! अगं बाई, अगं बाई, एवढंच माझ्या तोंडून येत राहिलं. मग ती मुंगी आठवली आणि मी वेड्यासारखी बासष्टची चिठ्ठी शोधायला लागले. सापडली. शेंगदाणे पूर्ण बंद. ती बरोबर होती, कारण ती ओळ मी गोंधळ झाल्यानंतर लिहिली होती. तेवढी एक पोर तरी वाचली म्हणून मी चिठ्ठी कपाळाला लावली.

"एकही ताट हलवायचं नाही!" मी ओरडले.

"बाराला गाड्या निघायला पाहिजेत, बाई," आचारीदादांचा आवाजही उतरला होता. "साखरवाल्यांना इंजेक्शन देऊन झालं असेल. त्यांचं जेवण लांबलं तर ते तिकडं गार पडायचे."

पंचवीस मिनिटं. चौऱ्याण्णव जणांचा आहार वॉर्डावॉर्डात फोन करून विचारायचा म्हटलं तर दोन तास. एकच वाट होती, आणि ती दुसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलावर उघडी पडलेली होती. देवा, उघडीच असू दे.

लिफ्ट अडकलेली, म्हणून जिन्यानं निघाले. टायपिंगच्या क्लासमध्ये आमचे एक मास्तर होते, बोटावर पट्टी मारणारे. ते सांगायचे, कीबोर्डच्या खालच्या ओळीतली डावीकडची चार बटणं बघा, झेड, एक्स, सी, व्ही. केलेलं मागं घ्या, कापा, नक्कल करा, चिकटवा. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी झेड हे काही कुठल्या शब्दाचं पहिलं अक्षर म्हणून घेतलं नाही. कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या शेजारी, डाव्या हाताखाली पडतं म्हणून घेतलं. चुकलेल्या माणसाचे डोळे चुकीवर खिळलेले असतात, मास्तर म्हणायचे, त्याला बटण शोधायला लावू नये. त्यांच्या तरुणपणी एकच पाऊल मागं जाता यायचं. नंतर शंभर-शंभर पावलं जाता यायला लागलं. "फाईल सेव्ह केली तरी जाता येतं," ते पट्टी आपटत सांगायचे, "पण एकदा बंद केलीत, की ती सगळं विसरली."

आणि घड्याळसाहेबांचा नियम होता, खुर्ची सोडली की फाईल बंद. कुणी विसरलं तर ते स्वतः फिरून बंद करायचे.

मी दारात पोचले तेव्हा ते माझ्या खुर्चीवर बसलेले होते. हात माऊसवर.

"नियम सांगितला होता ना तुम्हाला?" ते म्हणाले.

"बंद केलीत?"

"करतोय."

"हात काढा! हात काढा म्हणते ना!" असा आवाज माझ्या घशातून आयुष्यात निघाला नव्हता. साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

यादी उघडी होती. मी उभ्याउभ्याच करंगळी कंट्रोलवर ठेवली आणि झेड दाबायला लागले. घाईत बोट एकदा एक्सवर गेलं. एक. दोन. मी मोठ्यानं मोजत होते. सकाळपासून भरलेलं एकेक मागं जात होतं, मीठ बंद गेलं, पथ्य सुटलेलं गेलं, घरी गेलेला माणूस परत खाटेवर आला. तीस. पस्तीस. नावं अजून तशीच. शंभर पावलांत नाही झालं तर? चाळीस. एकेचाळीसला सगळी यादी एकदम हलली आणि नावं आपापल्या जागी जाऊन बसली. सोळा, गाळलेलं सूप. अठ्ठावीस, उपाशी ठेवणे.

रडायला वेळ नव्हता. सकाळचे बदल पुन्हा भरायला हवे होते, म्हणून तारेवरचे कागद काढले. साहेब मुकाट्यानं वाचून दाखवत होते, मी भरत होते. सगळे कागद संपले. एकही राहिला नाही, दोनदा मोजले. चिठ्ठ्या छापल्या, खाली धावले. बारा वाजून सहा मिनिटांनी गाड्या निघाल्या.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. आचारीदादांनी चहा हातात दिला.

"वाचलो बुवा," ते म्हणाले. "जुन्या चिठ्ठ्या किती चुकलेल्या होत्या! ते बासष्टचंच बघा. मी त्या पोरीचं ताट वेगळं काढून झाकून ठेवलं होतं, दाणे बंद म्हणून. नवीन चिठ्ठीवर साधं जेवण आलं. म्हटलं ती पण चूकच होती, दिलं भाजी वाढून."

मला काही ऐकू येईना. चूक मागं घेताना मी त्यानंतरचं सगळंच मागं घेतलं होतं. बाकीचं कागदावर होतं, ते परत भरलं. पण तिचा कागद नव्हताच. तिची आई तोंडानं सांगून गेली होती. मी तारेवर बघितलं. माझ्या डोक्यात बघितलं नाही.

आचारीदादांनी वॉर्डाला फोन लावला. तो वाजत राहिला. मी तोवर जिन्यावर होते. चार मजले. कसे चढले ते विचारू नका. दर पायरीला मला ते निळे ओठ दिसत होते, न बघितलेले. वॉर्डाचं दार ढकललं आणि बोंब मारली, "बासष्ट! दाणे आहेत त्यात! शेंगदाणे आहेत!"

खाटेभोवती आधीच धावपळ होती. पोरगी बसलेली, प्लास्टरचा हात छातीशी, दुसऱ्या हातानं गळा धरलेला. ओठ सुजून जाड झाले होते. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि नर्सच्या हातातलं इंजेक्शन घेऊन सरळ तिच्या मांडीत खुपसलं.

नंतरची दहा मिनिटं मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मी तिच्या छातीकडे बघत होते. खाली गेली की वर येईपर्यंत माझाही श्वास थांबायचा. मला वाटत होतं, आता येणार नाही. आता नाही. मग येत होती. हळूहळू शिट्टी बारीक झाली. मग ती खोकली, आणि रडली, मोठ्यानं, हक्कानं.

"धोका टळला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आज रात्रभर लक्ष ठेवायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही ओरडलात ते बरं झालं. कशानं होतंय ते लगेच कळलं."

तिची आई उठली, माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात धरले. तिचे हात बर्फासारखे होते. "ताई, तुम्ही देवासारख्या धावत आलात," ती म्हणाली. "कुणीतरी खाली घोळ घातला असेल, पण तुम्ही आलात."

खरं सांगते, त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी जिन्यात वाटली नव्हती. गप्प बसले असते तर चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं. घड्याळसाहेबांना नाही, आचारीदादांना नाही. आणि ते ऊबदार बोलणं मला हवं होतं, फार हवं होतं.

"घोळ मीच घातला," मी म्हटलं. "तुझ्यासमोर लिहिलेलं होतं ना, ते माझ्याच हातानं पुसलं गेलं. मला कळलंसुद्धा नाही."

तिनं माझे हात सोडले नाहीत. बहुतेक विसरली असावी. अगदी हळू आवाजात, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, "हिच्या प्रत्येक ताटातला पहिला घास मी खाते. घरी, लग्नात, कुठंही. मागच्या वर्षीपासून एकदाही चुकले नाही. आज तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात, म्हणून खाल्ला नाही."