अर्जाची पहिली ओळ

आमच्या आशाला सरळ मागता येत नाही. शेजारच्या विमलाबाईकडे वाटीभर मीठ आणायला गेली, तर आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी, मग तिच्या जावयाची, मग नळाच्या पाण्याची. आणि शेवटी मीठ न घेताच परत. माझी सून, दहावी शिकलेली, आणि ही तऱ्हा!

ही खोड २००४ च्या जूनमध्ये आमच्या पोटावर आली.

माझा दत्तू निफाडकडच्या एका शाळेत शिपाई होता. आदल्या साली एक जुलैला काविळीनं गेला. संस्थेचा नियम असा, की नोकरीतला माणूस गेला तर घरातल्या एकाला त्याच्या जागी घेतात. पण वर्षाच्या आत अर्ज पाहिजे. आशानं महिन्याभरात अर्ज दिला होता. वर्ष सरत आलं, तरी उत्तर नाही. "येईल की, आई," एवढंच म्हणायची. तीस तारखेला नातवंडं शाळेत धाडली आणि तिला म्हटलं, "चल. आज मुदत संपते."

द्वारका चौकातून एसटी धरली.

संस्थेच्या कार्यालयातला बारकू नावाचा क्लार्क दत्तूच्या ओळखीचा, म्हणून त्यानं फाईल काढून दाखवली. दोन पानांचा अर्ज, अक्षर छापल्यासारखं. वर लाल शाईत साहेबांचा शेरा: 'आभारपत्र. फायलीला लावा.'



बारकू म्हणाला, "मावशी, पहिलं पान बघा ना. संस्थेनं हार पाठवला त्याचे आभार, साहेब घरी आले त्याचे आभार, शाळेची भरभराट होवो. नोकरीचं एकच वाक्य, दुसऱ्या पानाच्या तळाला. तेही 'जमल्यास विचार व्हावा.' साहेबांनी पान उलटलंच नाय. आता घाई करा, चारला ते निघतात."

घड्याळात साडेतीन.

मी आशाला म्हटलं, "बस इथं. नवा लिही. पहिल्या ओळीतच माग."

"आई, एकदम कसं मागायचं? काय म्हणतील?"

"हक्काचं आहे ते! कशाला लाजतेस?"

तिनं मान खाली घातली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी चहा मागितला होता. चार बायकांत तुम्ही म्हणालात, 'आली नाही तोच मागायला लागली.' तेव्हापासून जीभच उचलत नाही."

मला आठवत होतं. म्हटलं, "त्याचं भांडण घरी. आता लिही."

मी दुसरी नापास. पण तीस वर्षं भाजी विकली. गिऱ्हाईक आधी 'अर्धा किलो वांगी' म्हणतं, मग भाव करतं, गप्पा त्याच्यानंतर. तसंच सांगितलं: "माझे पती दत्तू यांच्या जागी मला शिपाई म्हणून घ्यावे, ही पहिली ओळ. खाली तो कधी गेला, किती वर्षं राबला, तू किती शिकलीस. मग कधी कळवता ते विचार. आभार एकदाच, शेवटी." अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

तेवढ्यात साहेब बॅग घेऊन बाहेर आले. "काय काम आहे?"

मी पुढं झाले. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "साहेब, तुमच्या आईची तब्येत कशी आहे?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. मागायचं ते तोंडात येईना. गेली नोकरी, मनात म्हटलं. लेकरांना काय घालू?

मागून आशाचा आवाज आला. सरळ. "साहेब, माझे पती इथं शिपाई होते. त्यांच्या जागी मला काम पाहिजे. वर्षाची मुदत आज संपते. अर्जावर आजचा शिक्का द्या."

साहेबांनी बॅग खाली ठेवली, उभ्यानंच वाचलं. "हे आधी का नाही सांगितलंत? बारकू, शिक्का मार. सोमवारच्या बैठकीत ठेवू."

बाहेर येऊन ती पायरीवर मटकन बसली. "आई, घेतील ना हो?"

मलाही तेच भय होतं. पण सुनेसमोर ते दाखवायचं कसं?

"ते सोमवारी कळेल. आता माझं ऐक. चहाच्या वेळी चूक माझी होती. आजपासून घरातसुद्धा असंच मागायचं. मी ओरडेन, ओरडले तरी मागायचं. आणि त्या विमलाबाईच्या गुडघ्यांना आता सुट्टी दे, बाई!"