डावा खांदा, उजवा खांदा

साहेबांच्या शोकसभेत फोटो तीन होते: विमानापाशी, कारखान्यापाशी आणि शिडाच्या होडीत. तिन्हींत साहेब एकटेच. पहिल्या रांगेत नकाशेवाले काका आपलं नाव पुकारायची वाट पाहत बसले होते. युद्धात साहेब विमान उडवत आणि काका नकाशा घेऊन त्यांच्या मागच्या सीटवर बसत. पुढे साहेबांनी पंपांचा कारखाना काढला, तिथेही काकांना खोली मिळाली ती मागचीच.

काकांपाशी सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. एकदा ऐन ढगात विमानातलं बोलायचं यंत्र बंद पडलं. काकांनी पुढे वाकून साहेबांच्या खांद्यावर थापा मारल्या. डावा खांदा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे. असे ते धावपट्टीवर उतरले. साहेब म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू दे. तुझ्याशिवाय कुणाच्या हातावर मी डोळे मिटून वळणार नाही." काकांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बायकोपासून लपवावं असं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

आज मात्र सांगायचं ठरवलं होतं.

पण आधी साहेबांचा होडीतला सोबती उठला. "वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही ना, म्हणून साहेब मला मागे बसवायचे. म्हणायचे, खांद्यावर थाप मार. तुझ्याशिवाय कुणाच्या हातावर..." वाक्य अर्धवट सोडून तो खाली बसला.

"अय्या! मलाही हेच म्हणाले होते," गिर्यारोहण क्लबच्या बाई म्हणाल्या. "धुक्यात, कड्यावर!"

"आणि मला बर्फात," डॉक्टर म्हणाले. शोकसभेला शोभेल इतपत हशा पिकला. "मी विचारलं, ही युक्ती सुचली कशी? तर म्हणाले, युद्धात एकटाच उडत होतो, तेव्हा वाटायचं, मागे कुणीतरी हवं होतं."

मग काकांचं नाव पुकारलं. "साहेब वक्तशीर होते," एवढं बोलून काका खाली बसले.

त्यांना घरी सोडायला साहेबांचा मुलगा स्वतः निघाला. काका सवयीनं मागे बसले. चौकात मुलानं गाडी हळू केली. "काका, आता डावीकडे की उजवीकडे?"

काकांचा हात आपसूक पुढे गेला, सीटच्या पाठीपर्यंत. तो त्यांनी मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"तुझे बाबा एकटेच उडायचे म्हणे," काका म्हणाले. "बघ, तुलाही जमेल."

मुलगा जरा घुटमळला आणि गाडी उजवीकडे वळली. काकांचं घर डावीकडे होतं.