पुढे कठडा आहे

छोटी गाडीतून उतरली तेव्हाच ताईच्या लक्षात आलं, हिच्या डोळ्यांवर चष्मा नाही.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. धाकट्या बहिणीचा नंबर तिला तोंडपाठ होता. चष्म्याशिवाय छोटीला हातभर अंतरावरचा चेहराही धड ओळखता येत नसे, आणि आज ती डोंगर चढायला आली होती.

"काल फुटला गं," छोटी हसत म्हणाली. "ह्याचा पाय पडला."

"पुन्हा?"

छोटीने नुसती मान हलवली.

तिच्या नवऱ्याने गाडीच्या आरशात केस सारखे केले, मागे वळला आणि ताईला पाहून त्याचा चेहरा पडला. पण लगेच त्याने हसू आणलं. "अरे वा, ताई! तुम्ही येणार हे कुणी बोललंच नाही."

"मीच बोलावलं," छोटी म्हणाली. "अगदी आयत्या वेळी."

डोंगर गावाला खेटून होता. चढण थोडीशी, पण छातीवर येणारी. पायवाटेवर झाडांची मुळं वर आलेली, दोन्ही बाजूंना सुटे दगड. वरून सगळं गाव दिसतं म्हणून लोक एरवी हौसेने यायचे. आज मात्र ढग खाली उतरले होते आणि वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

नवरा पुढे, त्याचा हात धरून छोटी, मागे ताई. "उजवा पाय वर. आता मूळ आहे, सांभाळ," असं तो सांगत होता, आणि छोटी शाळकरी मुलीसारखी ऐकत होती. किती जपतो हिला, असं ताईला वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं. दोघांच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि छोटीचं माहेरी येणं हळूहळू बंद पडलं होतं. फोनवर बोलताना ती मध्येच आवाज खाली आणायची.

"आता डावीकडे टाक पाय," तो म्हणाला.

डावीकडे वाट नव्हतीच. छोटीचा पाय घसरला, ती गुडघ्यावर आपटली. एक दगड सुटला आणि खाली बराच वेळ आपटत गेला.

"डावीकडे म्हणालो का मी? उजवीकडे म्हणायचं होतं," तो हसला. "माझं आपलं नेहमीचंच."

"मी धरते तिला," ताई म्हणाली.

"छे हो, तुम्हालाच धाप लागलीय."

धाप लागली होती हे खरंच. शेवटच्या उभ्या चढावर ती मागे पडली. वर पोचली तेव्हा ती दोघं माथ्याच्या टोकाला होती. खाली धुक्याच्या फटींतून पत्र्याची छपरं, नदीचं वळण, कारखान्याची चिमणी दिसत होती. माथ्याला लोखंडी कठडा होता, पण मधला एक तुकडा कधीतरी निखळून पडला होता. त्या खिंडारापाशी छोटी उभी होती. नवरा तिच्या मागे, जरासा बाजूला.

"आपलं घर दिसतंय बघ," तो तिला सांगत होता.

"मला कुठलं दिसायला!"

"जवळून दिसेल. आणखी एक पाऊल. पुढे कठडा आहे, त्याला धर."

छोटीने हात पुढे केला आणि पाऊल उचललं.

"छोटे, थांब!" ताईच्या तोंडून किंकाळीच फुटली. "पुढे काही नाहीये! खाली बस! आहेस तिथेच खाली बस!"

छोटी मटकन खाली बसली. ताईने धावत जाऊन तिला दंडाला धरून मागे ओढलं. दोघी चिखलात पडल्या.

"मस्करी केली हो," नवरा शांतपणे म्हणाला. "मी धरलं होतं की तिला."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात जाकिटाच्या खिशात होते.

"तुम्ही पुढे उतरा," ती म्हणाली. ती जागची हलली नाही. "आधी तुम्ही."

तो खांदे उडवून शीळ घालत उतरू लागला. मध्येच थांबायचा, वळून वर पाहायचा. तो थांबला की ताईही थांबायची. छोटी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागून येत होती. अर्ध्या वाटेवर तिने हळूच विचारलं, "ताई, त्याचा हात कुठे होता?"

"खिशात."

ताईच्या खांद्यावरची छोटीची बोटं घट्ट रुतली.

पायथ्याशी तो गाडीचं दार उघडून उभा होता. "गाडीत बस," तो छोटीला म्हणाला. तेवढ्यात थांब्यावर बस आली. ताईने छोटीला आधी चढवलं, मग स्वतः चढली. मागच्या काचेतून तिला त्याची गाडी दिसली. बस थांबली की गाडी थांबायची, सुटली की सुटायची.

"गेला का तो?" छोटीने विचारलं.

खोटं बोलावं असं ताईला क्षणभर वाटलं. "नाही. मागेच आहे."

"मग घरी नको. तुझ्याही नको."

त्या दोघी पोलीस ठाण्यासमोर उतरल्या. गाडी अगदी सावकाश त्यांच्या जवळून गेली, काच खाली झाली, पुन्हा वर झाली. आतल्या बाकावर छोटीने दुखरा गुडघा दाबून धरला. ताईचं ऐकून घेऊन समोरच्या हवालदारबाईंनी छोटीला विचारलं, "काय झालं डोंगरावर?"

"डोंगराचं मागाहून सांगते," छोटी म्हणाली. "सुरुवात आधीच झालीय. पहिल्यांदा जिन्यावरून पडले तेव्हा."

ताईने तोंडावर हात ठेवला. जिन्याबद्दल तिच्याजवळ कुणी कधी बोललंच नव्हतं.