बंकट जमादाराचा कोट

मित्रांनो, मी एक जुना खाकी कोट आहे. कोपरं विरलेली, कॉलर कसरीनं खाल्लेली, पितळेच्या निम्म्या गुंड्या कुठंतरी गळून पडलेल्या. पण नुसता कोट म्हणून मला बाजूला टाकू नका. मला नाव आहे, आणि त्या नावाचा एकदा एका गावाला धाक बसला होता.

माझा जन्म धारूरचा. किल्ल्याच्या वाटेवर पाशाभाई शिंप्याचं दुकान होतं. तेव्हा आपल्याकडं निजाम सरकारचं राज्य होतं. जकातीच्या नाक्यावरच्या एका शिपायानं माझं माप दिलं, आणि मी शिवून तयार होईपर्यंत त्याची बदली झाली. तो काही मला न्यायला आला नाही. मी खुंटीवर लोंबकळत राहिलो. पाशाभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "कोट तय्यार हय, आदमीच नई मिलता."

शेवटी माणूस मिळाला. तो धुळाजी बहुरूपी. आज गोसावी, उद्या वैदू अशी सोंगं घेऊन गावोगाव फिरायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. पाशाभाईंनी मला त्याच्या अंगावर चढवलं, खांदे ओढून पाहिले आणि खूश होऊन देऊनच टाकलं. धुळाजी त्या दिवशी पालावर गेला तो छाती काढूनच.

आता कोट आला म्हणजे जमादाराचं सोंग आलं, आणि सोंग आलं म्हणजे नाव आलं. धुळाजीला भारदस्त नावांचा भारी सोस. तो म्हणाला, "ह्याचं नाव तलवारसिंग जंगबहादूर."

त्याची बायको तुळजाबाई चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "असं नाव कोन्त्या मायनं ठिवलं? लेकराला दूध पाजताना ती तलवारसिंग म्हनायची काय?"

धुळाजी सोंगं आणायचा, पण त्या सोंगांची नावं तुळजाबाई ठेवायची. तिची रीत साधी होती. नाव सुचलं की पालाच्या मागं जायचं आणि जेवायला बोलवावं तशी हाक मारायची. जीभ अडखळली तर नाव खोटं. त्या दिवशी तिनं चार-सहा नावं हाका मारून टाकून दिली, आणि मग हाक आली, "बंकट, ये रे, भाकर निवायली!" हाक इतकी खरी होती की धुळाजीनं वळून पाहिलं. मीही पाहिलं असतं, पण मला मान नाही.

"हे झालं मायनं ठिवलेलं," ती म्हणाली. "आता गावानं ठिवलेलं. हा जमादार गाऱ्हानं घेऊन आलेल्याला काय म्हनतो?"

"उद्या ये म्हनतो. समदेच म्हनत्यात."

"मग ह्यो बंकट उद्या."

झालं, मी बंकट उद्या झालो. वेशीत बसायचं, लोकांनी सासूची, शेजाऱ्याची, चोरट्या मांजराची गाऱ्हाणी आणायची, आणि धुळाजीनं मिशीला पीळ भरून म्हणायचं, "उद्या ये!" उमापुरात तर पोरं नाक्यापासूनच "उद्या आला, उद्या आला" ओरडत मागं धावायची. मोठी माणसं पोट धरून हसायची, कारण खऱ्या जमादारापुढं त्यांना हसता येत नव्हतं. तुळजाबाई आधीच आडावर जाऊन बायांशी बोलून यायची. गावात कुणी बंकट असला तर त्या गावापुरतं माझं नाव बदलायचं, अशी तिची सक्त ताकीद होती. जिवंत माणसाच्या नावावर लोकांना हसवायचं नाही.

आमची आणखी एक रीत सांगतो. शेवटच्या दिवशी बहुरूप्यानं सोंग उतरवायचं, साध्या कपड्यांत गावापुढं उभं राहायचं आणि बिदागी मागायची. त्या दिवशी गाव नाही म्हणत नसे.

एका वर्षी तलवाड्याला धुळाजी वैदू होऊन गेला. तिथले मोठे जमीनदार विठ्ठलराव त्याला पाहताच म्हणाले, "धुळाजीच न्हवं का बे तू? चालीवरून वळखलं. मला एकदा फसवून दाखव, मागशील ती बिदागी देईन." सगळं गाव हसलं. धुळाजीच्या मनाला ते फार लागलं.

पुढच्या खेपेला तो सुगीची वाट न पाहता, एकटाच, मला घालून तलवाड्याला निघाला. चाल बदलली, दाढी वाढवली. मुख्य म्हणजे माझं गावानं ठेवलेलं 'उद्या' हे नाव त्यानं गाळून टाकलं.

"ते काढू नगंस," तुळजाबाई कळवळून म्हणाली. "ते नाव म्हंजी खिडकी हाय. लोकायला आत डोकवून बघता येतं, सोंग हाय म्हून कळतं."

"खिडकी हाय म्हूनच तर घावतो मी," म्हणत तो चालू लागला.

तलवाड्याच्या वेशीत त्यानं फक्त एवढंच सांगितलं, "जमादार बंकट. सासुरवाडी धारूर." मित्रांनो, काय सांगू! माणसं उभी राहिली. बाज आली, तिच्यावर घोंगडी आली. विठ्ठलरावांनी स्वतः दुधाचा पेला पुढं केला. तलवारसिंग असता तर दुसऱ्या वाक्याला पकडला गेला असता. धुळाजी आतून नुसता फुलून गेला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

तेवढ्यात एक बाई पुढं आली. छबुबाई तिचं नाव. ती भीत भीतच बोलली.

"जमादारसाहेब, तुमचं नाव बंकट हाय म्हनं. माझ्या भावाचं बी नाव बंकटच. पटकीत गेला त्यो. त्यो असता तर मी कशाला तुमच्याकडं येते? पन नाव आयकलं अन् पाय उचलले."

"काय काम हाय?" धुळाजीनं आवाज जाड ठेवून विचारलं.

"माझा लेक रामकिसन. साहेबाच्या दौऱ्यात वेठीला नेलता, बोजा वाहायला. संगं गेलेले समदे आले, ह्योच न्हाई आला. ठान्यावर गेलते तर हाकलून दिलं. जिता हाय का न्हाई, येवढं तरी इचारा."

आणि वर्षानुवर्षं त्याच शब्दांना सरावलेलं धुळाजीचं तोंड बोलून गेलं, "उद्या ये."

कुणी हसलं नाही. छबुबाईनं हात जोडले. "येते, दादा," म्हणाली आणि गेली. धुळाजीच्या काळजाची धडधड मला अस्तरातून कळत होती.

तो तडक पालावर आला आणि मला काढून फेकलं. "गाठोडं बांध. तलवाड्याला पुन्यांदा पाय न्हाई ठिवायचा."

तुळजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "तिनं दादा म्हनलं?"

"म्हनलं."

"मग तुला पळायचं तर पळ. बंकटचं नाव मी ठिवलंय. त्यो पळनारा न्हाई."

सकाळी धुळाजी साध्या धोतरात, मला घडी करून काखेत घेऊन तलवाड्याला गेला. छबुबाई वेशीत आधीच येऊन बसली होती. त्यानं मला सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवलं आणि मुजरा केला. "मायबाप, मी धुळाजी बहुरूपी. जमादार न्हाई."

एकदम हसण्याचा गलका उठला. विठ्ठलराव आधी लाल झाले, मग तेही मोकळे हसले. "फसवलंस बे! दूध पाजलं मी तुला! माग, काय मागतूस ते."

छबुबाई तेवढी हसली नाही. सगळे का हसताहेत हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग ती पदर सावरून उठली आणि मुकाट्यानं चालू लागली. तिची ती पाठ मी अजून विसरलो नाही.

"थांब, बाई," धुळाजी ओरडला. मग विठ्ठलरावांकडं वळून म्हणाला, "मालक, बिदागीत मला रामकिसन पायजे."

"ज्वारी माग, कापड माग. सरकारी कामात मी काय करनार?"

"वेठीला मानसं तुमीच दिलती नव्हं? मग दिलेलं मानूस परत मागाया कावून भेता?" धुळाजीनं मला जमिनीवरून उचलून पुन्हा काखेत धरलं. "शबूद समद्या गावापुढं दिलता, मालक."

बहुरूप्याच्या बिदागीला नाही म्हणणं म्हणजे पंचक्रोशीत नाचक्की. शिवाय पुढच्या प्रत्येक गावात धुळाजी त्यांचंच सोंग काढणार, हे विठ्ठलरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घोडं काढायला सांगितलं.

रामकिसन सापडला. ओझ्यासकट घाटात घसरून त्याचा पाय मोडला होता, आणि दौरा त्याला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात टाकून पुढं गेला होता. घरी कळवायचं कुणाला सुचलंच नाही. तो बैलगाडीतून आला. पुढं जन्मभर लंगडला, पण आला.

त्या खेपेला आम्हाला तलवाड्यात दाणा मिळाला नाही. बिदागी एकदाच मागायची असते. तुळजाबाई पावसाळाभर रिकाम्या मडक्यांवरून कुरकुरली. रामकिसनचं नाव निघालं की मात्र गप्प बसायची.

पुढच्या वर्षी आम्ही गेलो, तेव्हा छबुबाईनं मला मांडीवर घेतलं आणि माझा फाटका खिसा आपल्या लुगड्याच्या तुकड्यानं शिवला. धुळाजीला ती धुळाजीच म्हणायची. बंकटदादा मात्र मलाच म्हणायची. दर वर्षी विचारायची, "बंकटदादा बरा हाय ना?" तलवाड्यात पोरांनी "उद्या, उद्या" असा कितीही ओरडा केला, तरी धुळाजीनं तो शब्द तिथं पुन्हा कधी उच्चारला नाही.

आता धुळाजी नाही, तुळजाबाई नाही. सोंगं पाहायला वेशीत कुणी थांबत नाही. मी एका पत्र्याच्या पेटीत पडून असतो. कसरीनं माझा बराच भाग खाल्ला, पण तो लुगड्याचा तुकडा अजून शाबूत आहे.

मित्रांनो, तुम्हीही गोष्टी रचता, त्यात माणसं घालता. त्यांना नाव देताना घाई करू नका. आधी अंगणात जाऊन हाक मारून पाहा. नाव खरं असेल तर ते कुणाचा तरी भाऊ असतं, आणि त्याच्या भरवशावर कुणीतरी तुमच्या दारात येऊन उभं राहू शकतं. आणि कधी ही पेटी उघडलीत, तर मला झटकून टाकण्याआधी एकदा "बंकटदादा" म्हणा. त्या हाकेला ओ द्यायला मी अजून आहे.