माझ्या घशातली शीळ

मित्रांनो, गाडीत खिडकीजवळच्या जागेसाठी तुम्ही भांडता, पण बॉनेटखाली कोण राबतंय हे विचारायचं तुमच्या कधी मनात तरी येतं का? मी एका जुन्या मोटारीची थ्रॉटल बॉडी आहे. सोपं करून सांगायचं तर इंजिनाचा घसा. बाहेरची हवा माझ्यातून आत जाते. माझ्यात एक गोल पितळी झडप आहे. चालवणाऱ्याने पाय दाबला की ती उघडते आणि गाडी पळते. कौतुक मात्र रंगाचं आणि चाकांचं होतं. असो, मेलं ते कौतुक.

कारखान्यात वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतून मला घडवलं. घासूनपुसून मला एका नव्या गाडीत बसवलं आणि ती गाडी एका चष्म्याच्या दुकानदाराने घेतली. सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची. माणूस भारी टापटिपीचा. गाडीच्या काचासुद्धा चष्मा पुसायच्या फडक्याने पुसणारा! त्यांच्याकडे माझी पहिली बारा वर्षं मजेत गेली.

मग माझ्यात आणि इंजिनात बिनसलं. आमच्या दोघांच्या मध्ये एक कागदी गॅस्केट असतं, भलत्या वाटेने हवा आत शिरू नये म्हणून. ते एका कोपऱ्यात चिरलं. गाडी जागेवर उभी राहून चालू असली की त्या चिरेतून हवा आत ओढली जाई आणि बारीक शीळ वाजे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं होई. चष्मेवाल्यांचे कान आधीच जरा जड, त्यांना ती ऐकूच येत नसे. पण त्यांच्या बायकोला स्वयंपाकघरात ऐकू येई. हात पुसत त्या फाटक उघडायला येत आणि म्हणत, "आलात? अख्ख्या गल्लीला कळलं हो!"

पुढे बायकोचं विसरणं सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणींची नावं, मग दुकान सांभाळणारी स्वतःची मुलगी. शेवटी घरातला नवरा. दिवसभर त्या नवऱ्याशी परक्या पाहुण्याशी वागावं तशा वागत. पण संध्याकाळी गाडी फाटकाशी थांबली की कुठून कोण जाणे, सगळं परत येई. लगबगीने बाहेर येत आणि म्हणत, "अहो, किती उशीर! जेवलात का काही?"

त्या एका 'अहो'साठी चष्मेवाले रोज गाडी काढत. जायचं कुठेच नसे. दोन गल्ल्या फिरायचं आणि परत यायचं. त्यांना वाटे, बायको गाडी ओळखते. खरं तर त्या ओळखत होत्या माझी शीळ, गाडी नव्हे. हे मला ठाऊक होतं, पण मला मेलीला बोलता कुठे येतं?

अशातच माझ्यात काजळी साचली. झडप चिकटू लागली. एके दिवशी त्या दोघांना घेऊन गाडी भर चौकात बंद पडली. मागून हॉर्नचा गोंगाट. बिचाऱ्या घाबरल्या, दार उघडून रस्त्यात उतरल्या. समोरची बस त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, एक तर गाडी नीट करा, नाहीतर आईला तिच्यात बसवू नका," मुलगी म्हणाली. तिचं तरी काय चुकलं?

गॅरेजवाल्याने नवं गॅस्केट दिलं आणि बजावलं, "काका, जुनं परत लावू नका हं. आणि झडप साफ करताना जोर नको."

रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी बॅटरीची वायर काढली, हवेचा पाइप काढला, माझे चार बोल्ट सोडवले आणि मला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं. फडक्यावर सफाईच्या औषधाचा फवारा मारून, जुन्या टूथब्रशने त्यांनी काजळी अलगद उतरवली. बायको शेजारी बसली होती. तिने मला उचललं आणि पदराने कपबशीसारखं कोरडं केलं. खरं सांगते, सांगायची लाज वाटते, मी खूश झाले होते. इतकी स्वच्छ मी कारखान्यातून निघाल्यापासून नव्हते.

मग त्यांनी जुनं गॅस्केट खरवडलं. त्याचे तुकडे तुकडे झाले. "अहो, ते टाकू नका!" असं ओरडावंसं वाटलं. तुकडे कचऱ्यात गेले. नवं गॅस्केट बसलं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले गेले, आणि इंजिन लोण्यासारखं चालू लागलं.

संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबली. कोणी आलं नाही. त्यांनी हॉर्न दिला. त्या खिडकीत आल्या आणि म्हणाल्या, "हे घरी नाहीत. नंतर या."

तीन संध्याकाळी असंच झालं. चौथ्या दिवशी मुलगी सहज बोलून गेली, "ती शीळ गेली ते बरं झालं."

"कुठली शीळ?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, आणि सगळा उलगडा होऊन ते कचऱ्याच्या डब्याकडे धावले. कचरा तर कधीच गेला होता. त्यांनी पाना घेतला आणि माझा एक बोल्ट सैल केला. नुसती फुसफुस झाली, इंजिन गचके देऊ लागलं. मुलगी रडत म्हणाली, "बाबा, पुन्हा चौकात बंद पडली तर?" त्यांनी तो बोल्ट स्वतःच्या हाताने पुन्हा आवळला. माझ्या आयुष्यात इतक्या जड हाताने मला कोणी शिवलं नव्हतं.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, हे मी सांगणारच. पण घरात कुणाचं विसरणं सुरू झालं असेल, तर ते माणूस तुम्हाला कशावरून ओळखतं तेही वेळेवर शोधून काढा. ते जपा, मग बाकीची साफसफाई करा. मला हे सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

चष्मेवाले अजून रोज गाडी काढतात. काल त्या आपणहून फाटकाशी आल्या. काचेतून वाकून त्यांनी विचारलं, "वाटेत आमचे हे दिसले का हो तुम्हाला?"

"दिसले ना," ते म्हणाले. "निघालेत. येतीलच एवढ्यात."

मग ते गाडीतून उतरले आणि त्यांच्या शेजारी उभे राहून रस्त्याकडे बघू लागले.